चौघांत तीन कप

"तू नुसती शिडी धर," गेक-ईम म्हणाली. "जार उचलायला मी अजून मेले नाही."

सिउ-चूनं शिडी धरली. सातव्या महिन्याचं पोट मध्ये येत होतं, म्हणून ती तिरकी उभी राहिली. अडुसष्ट वर्षांची सासू पाण्याचा निळा जार खांद्यावर घेऊन एकेक पायरी चढली आणि माळ्यावरच्या जुन्या रजयांमागं तो ढकलून आली. हा शेवटचा. शेगड्यांपायी विहिरी नासल्या तेव्हापासून, बारा वर्षं, रोज सकाळी पाण्याची तीनचाकी शेजारच्या तालुक्यातून येते आणि दारोदार जार ठेवून जाते. आज मात्र अख्ख्या गल्लीत एकही जार दिसायचा नव्हता.

गावप्रमुख लाऊ काल घरोघर बजावून गेला होता. उद्या विहिरींचं पाणी तपासायला सरकारी बाई येणार. तिनं भरून नेलेल्या बाटलीचं काय करायचं ते वरचे लोक बघून घेतील. तिच्या कागदावर एवढंच यायला हवं की गाव विहिरीचंच पाणी पितं आणि कुणाची तक्रार नाही. नाहीतर महिनाभरात प्रत्येक अंगणातली शेगडी विझणार.

गेक-ईमच्या अंगणात सहा शेगड्या होत्या. जुन्या कॉम्प्युटरच्या आतल्या हिरव्या सर्किटच्या पाट्या त्यांवर तापवायच्या आणि डाखाचं कथील पातळ झालं की चिमट्यानं एकेक भाग उपटायचा. याच धुरावर तिनं दोन मुलींची लग्नं लावली, मुलाला तीन मजले बांधून दिले. धुराला कुणी नाक मुरडलं की ती विचारायची, "भात लावून तुझ्या बापानं किती मजले चढवले रे?"

दहाच्या सुमाराला लाऊ बाईंना घेऊन आला. जियांगबाई तिशीच्या असतील. बुटांना चिखल, खांद्यावर पिशवी. त्यांनी अंगणातल्या विहिरीतून बादली काढली, बाटली भरली, झाकण घट्ट लावून वर तारीख लिहिली. मग ओट्यावर बसून मांडीवर कागद घेतला.

"आजी, प्यायला हेच पाणी?"

"माझ्या नवऱ्यानं खणलेली विहीर आहे. दुसऱ्याच्या दारात कशाला जाऊ?"

लाऊ खूश झाला. एवढ्यावर थांबला असता तर बरं होतं. पण चहाची किटली त्यानं स्वतःच उचलली. पहाटे जारचं पाणी घालून ठेवलेली ती किटली त्यानं सगळी मोरीत पालथी केली आणि बादलीतलं पाणी तिच्यात ओतलं.

"आमच्याकडं पाहुण्याला ताज्या पाण्याचा चहा. होय ना काकू?"

गेक-ईम मोरीकडं जाणारं पाणी बघत राहिली. "तू फार शहाणा," ती म्हणाली.

पाणी उकळलं. तिनं मुठीएवढ्या चहादाणीत पत्ती भरली, पहिला चहा रीतीप्रमाणं ओतून टाकला. दुसराही ओतून टाकला. तिसऱ्या वेळी लाऊ खाकरला. मग तिनं ताटात तीन कप जवळ जवळ मांडले. घरात माणसं चार असोत नाहीतर चौदा, कप तीनच. आपल्यापुढचा कप आधी दुसऱ्याला द्यायचा, ही इथली रीत. चहा शाईसारखा काळा उतरला.

"पाणी जड आहे," लाऊ म्हणाला. "रंग चांगला चढतो."

त्यानं एक कप घशाखाली घातला. दुसरा गेक-ईमनं उचलला आणि बाईंच्या डोळ्यांत बघत एका घोटात संपवला. जिभेवर गंजकं काहीतरी चिकटून राहिलं. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

जियांगबाईंनी तिसरा कप हातात घेतला, पण ओठाला लावला नाही. दाराशी उभ्या असलेल्या सिउ-चूकडं त्यांचं लक्ष गेलं.

"पहिलंच का गं?"

सिउ-चूनं मान खाली घातली. या प्रश्नाचं उत्तर सासूनं गल्लीत कितीदा तरी दिलं होतं, चारचौघींत, हिला ऐकू जाईल अशा आवाजात. आमच्या घरात सगळी माणसं दणकट, हिचंच मडकं कच्चं, दोनदा गळलं.

"तिसरं," गेक-ईम म्हणाली.

"अरे वा. मोठी दोघं शाळेत गेलीत वाटतं?"

अंगणातल्या शेगडीवर एक पाटी तडतडली. लाऊनं घड्याळ बघितलं.

बाईंना चुकल्यासारखं झालं असावं. त्या उठल्या आणि दोन्ही हातांनी कप सिउ-चूपुढं केला. "घे. हा मान तुझा."

पाहुणीनं दिलेल्या कपाला नाही म्हणायची सोय नव्हती. सिउ-चूनं सासूकडं बघितलं. मग तिनं कप घेतला आणि तोंडाशी नेला.

गेक-ईमचा हात मध्ये आला. सुनेच्या बोटांतून कप काढून घेऊन तिनं तो ताटात रिकामा केला.

"निवलाय," ती म्हणाली.

ताटातून वाफ वर येत होती.

"मग दुसरा ओता की, काकू," लाऊ हसत म्हणाला. पण त्याचे डोळे हसत नव्हते. "किटली भरलेली आहे."

गेक-ईमनं किटलीकडं बघितलं. मग बाहेर, सहा शेगड्यांकडं. तिथं मुलगा धुरात वाकून बसला होता, पाठमोरा. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, किटली मोरीपर्यंत घेऊन गेली आणि शेवटच्या थेंबापर्यंत पालथी धरून उभी राहिली.

"काकू," लाऊ हलक्या आवाजात म्हणाला. "अख्ख्या गावाचा विचार करा."

"तू बस. चहा घेतल्याशिवाय जायचं नाही." तिनं कमरेला हात पुसले आणि माळ्याच्या दिशेनं चालू लागली. "सिउ-चू, शिडी धर. जार खाली घ्यायचाय."

सिउ-चू हलली, पण जियांगबाई तिच्या आधी शिडीपाशी पोचल्या. त्यांनी पेनाला टोपण लावलं, कागद बगलेत मारला आणि जार उतरवून घ्यायला दोन्ही हात वर केले.