गालिच्यावरची जागा

मुरुमच्या शांताक्कांच्या बैठकीत हैद्राबादहून आणलेला गालिचा होता. घरातल्या बायकांनी तो झाडायचा, उन्हात पालथा घालून बडवायचा. बसायचे मात्र पाहुणे म्हणून येणारे तहसीलदारसाहेब आणि घरातले पुरुष.

त्या दिवशी दिव्यात घालताना करडईचं तेल नव्या सुनेच्या, शिवकांताच्या, हातून गालिच्यावर सांडलं. पाणी लावलं तर डाग पसरेल, एवढं तिला ठाऊक होतं. तेल शोषायला पीठ आणावं तर स्वयंपाकघरात सासूबाई, शांताक्का. घाबरून तिनं देव्हाऱ्यातला विभूतीचा गोळा उचलला, चुरला आणि डागावर पसरला. विभूतीनं तेल भराभर ओढून घेतलं.

तेवढ्यात शांताक्का आल्या.

"कपाळाची इभूत पायाखाली घातलीस व्हय गं?" त्या कडाडल्या. शिवकांताच्या डोळ्यांना धार लागली.

शांताक्कांनी वाकून, विभूती जरा बाजूला सारून बघितलं. डाग गेला होता. त्यांनी सगळी विभूती पदरात गोळा केली, बेलाच्या बुडाशी टाकून आल्या आणि म्हणाल्या, "इभूत पडली हितं, आता कुणाचा पाय पडायचा न्हाय. तू बस हितं. म्या ह्यो गालिचा वीस वर्सं झाडला, एकदाबी त्याच्यावर टेकले न्हाय."

शिवकांता बसली. मग ती थोडी सरकली आणि तिनं सासूबाईंसाठी शेजारी जागा केली.