साबण सुकतोय, फळी रिकामी ठेवा

मी एक जुने, हाताने दाबायचे यंत्र आहे. साबणाच्या वडीवर ठसा उठवणे एवढेच माझे काम. दांडा खाली ओढला की वडीवर पानाची नक्षी उमटते. मित्रांनो, सगळे सांगत बसायला वेळ नाही. भंगारवाला कालच मला ठोकून, वजनाचा अंदाज घेऊन गेला आहे.

मला एका लोहाराने घडवले. त्याने माझा दांडा इतका मन लावून घासला की आजवर कुणाच्या तळहाताला फोड आला नाही. पुढे मी घरामागच्या एका खोलीत आले. तिथे वहिनी साबण करीत. साऱ्या गल्लीच्या त्या वहिनीच! त्यांचे दीर पिशवी खांद्याला लावून साबण दारोदार विकत आणि बहुतेक पिशवी तशीच परत आणत.

मग चौकात मोठे सुपरमार्केट उघडले. "झालं! आता आपला गाशा गुंडाळायचा," दीर म्हणाले. पण एक दिवस तिथल्या खरेदीवाल्या बाई स्वतः आमच्या खोलीत आल्या. त्यांनी वडी नाकाशी धरली. "एका फळीवर मला जवळपासचाच माल हवाय. द्याल?"

काय दिवस होते ते! साबणाला तेल लागते, म्हणून घाणीवाल्या काकांची बंद पडलेली तेलघाणी पुन्हा फिरू लागली. खोकी करणाऱ्या मावशीने शेजारणींना हाताशी घेतले. त्या एका फळीवर इतक्या घरांच्या चुली पेटत होत्या. "वहिनी, आपला साबण तिकडे एसीत बसतो आणि आपण इथे घाम पुसतो," दीर हसत म्हणत. वहिनी रोज माझा ठसा मऊ फडक्याने पुसत. मला फार अभिमान वाटे.

नंतर त्या दुकानाच्या सगळ्या शाखांनी साबण मागितला. साबण, मित्रांनो, घोड्यांवर, म्हणजे लाकडी मांडण्यांवर, कित्येक आठवडे सुकावा लागतो. मधल्या काळात आपली फळी रिकामी दिसली तर दुसऱ्या कुणाला जाईल, या धास्तीने वहिनींनी ओल्या वड्याच माझ्याखाली ठेवल्या. वडी ठशाला चिकटली. मी तिचा लचका धरून ठेवला. याहून मोठ्याने मला ओरडता येत नाही. वहिनींनी ठशावर पीठ भुरभुरवले आणि पुन्हा दांडा ओढला. पिठामुळे वडी सुटली. मी हतबल झाले.

दुकानात वड्या आक्रसल्या. कागद ढिले पडले, पानांची नक्षी वाकडी झाली. सगळा माल टेम्पोतून परत आला. मागोमाग बाई आल्या. त्यांनी एक वडी मोडून पाहिली. आत ओल होती.

"मला सांगितलं का नाही? मी थांबले असते."

"भीती वाटली हो, ताई," वहिनी म्हणाल्या.

"थोडे दिवस फळी धरून ठेवते. तिथे पाटी लावते, साबण सुकतोय म्हणून. पण वरचे लोक विचारणारच. लांबून येणारा माल तयार पडलाय. त्यापुढे माझं काही चालणार नाही."

तेव्हापासून खोलीत सारे चिडीचूप आहे. नव्या वड्या घोड्यांवर आहेत आणि हवा दमट आहे. घाणी थांबली. मावशीकडच्या शेजारणी घरी बसल्या. माझ्या दांड्याला गंज धरू लागला आहे. भंगारवाला परत येतो म्हणाला, तेव्हा वहिनींनी त्याला नाही म्हटले नाही. त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला फार भीती वाटते, मित्रांनो.

रोज सकाळी वहिनी एका वडीवर अंगठा दाबून बघतात. आजही अंगठ्याची खूण उमटली. त्या तिथेच जमिनीवर बसल्या आणि पदराने तोंड झाकून रडल्या. दीर दारात उभे होते. त्यांनाही आज थट्टा सुचली नाही.

तुम्ही कधी त्या दुकानात गेलात, तर ती रिकामी फळी बघून नुसते पुढे जाऊ नका. गल्ल्यावरच्या माणसाला विचारा, "तो पानाचा साबण कधी येणार?" एवढेच विचारा. बाईंना वर सांगायला तेवढे तरी हवे आहे.