राहिलेला कोपरा

मी शिडी बोलतेय. दचकू नका, वर चढायला सांगत नाही. तुम्ही आपले खालीच बसा आणि ऐका.

मी सागवानी, चार पायांची, सात पायऱ्यांची. वरची बिजागरी उघडली की कुठेही उभी राहते, भिंतीचा टेकू मागत नाही. सुताराने मला बनवलं तेव्हा माझ्यावर चढून दोन उड्या मारल्या आणि म्हणाला, "ही हत्तीलाही पेलेल." हत्ती काही आला नाही. आला एक रंगारी, उंचीने जेमतेम माझ्या पाचव्या पायरीएवढा. म्हणूनच सगळे त्याला थट्टेने लांबूशेठ म्हणत.

पंधरा वर्षं आम्ही घरोघर हिंडलो. लोक छताकडे बघून "वा, काय सुरेख रंग दिलाय!" म्हणायचे आणि माझ्याकडे बघून "हे धूड आता बाहेर न्या" म्हणायचे. चालायचंच. लांबूशेठ वर उभा राहून गुणगुणायचा, त्यात मला सगळं मिळायचं. खोड एकच. खाली उतरून मला हातभर सरकवायचा त्याला भारी कंटाळा. एक पाय माझ्यावर, दुसरा खिडकीच्या चौकटीवर, आणि अंग ताणून ब्रश पुढे!

एकदा निवृत्त नर्सबाईंच्या बैठकीच्या खोलीत छताजवळचा शेवटचा कोपरा उरला होता, फार तर तळहाताएवढा. लांबूशेठने सहाव्या पायरीवरून हात लांब केला, अजून थोडा लांब केला, आणि धाडकन खाली आला. मांडीचं हाड मोडलं. पडल्या पडल्या तो ओरडला, "शिडी सरकली!"

मी जागची तसूभर हलले नव्हते हो! पण शिडीची साक्ष कोण काढणार?

बायकोने मला मागच्या अंगणात उभं केलं. "अहो, ही अवदसा वखारीत देऊन टाका," असं ती रोज म्हणायची आणि रोज माझ्यावर ओले कपडे वाळत घालायची. त्या टॉवेलांनीच मला वाचवलं.

सात महिन्यांनी पाय बरा झाला. डॉक्टर म्हणाले, "आता खुशाल कामाला लागा." पण "शिडी सरकली" हे लांबूशेठने इतक्या जणांना सांगितलं होतं, की आता त्याचं त्यालाच ते खरं वाटायला लागलं होतं. मला बघितलं की त्याला घाम फुटायचा. तो फाटकं रंगवू लागला, बाकडी रंगवू लागला. जमिनीवरून हात पोचेल तेवढंच काम. गुणगुणणं तर साफ बंद. मला फार वाईट वाटायचं.

एके सकाळी नर्सबाई आल्या.

"कोपरा तसाच आहे बरं का. पाहुण्यांना सांगते, आमचे रंगारी रजेवर आहेत."

"बाई, तुम्ही दुसरा माणूस बघा. माझ्याच्याने आता होणार नाही."

"मी चाळीस वर्षं माणसं खाटेवरून उठवली आहेत, मला शिकवू नका. रोज जमेल तेवढी पायरी चढा. नाही जमली तर चहा प्या आणि उद्या पुन्हा चढा."

दुसऱ्या दिवशी लांबूशेठने माझ्यावरचे टॉवेल बाजूला केले. पहिली पायरी चढला, लटपटत उतरला आणि उरल्यासुरल्या डब्यातल्या पिवळ्या रंगाचं बोट तिच्यावर टेकवलं. हजेरी लागली! चार दिवसांनी दुसरीवर निळं बोट उमटलं. तिसरीवर मात्र गाडी अडली. नऊ दिवस तो तिथवर चढायचा, मला घट्ट धरायचा आणि उतरून चहा प्यायचा.

"अहो, तिसऱ्या पायरीवर घर बांधताय की काय?" बायकोने विचारलं. ती माझा पाय धरून उभी होती.

लांबूशेठ हसला. मग त्याने माझ्या पायरीवरून हात फिरवला.

"अगं, ही सरकली नव्हती."

"म्हणजे?"

"मीच वाकलो होतो. उतरायचा कंटाळा केला. बिचारीवर उगाच आळ घेतला."

"इतके महिने मी हिला अवदसा म्हणतेय, आणि तुम्ही आत्ता सांगताय?" असं म्हणून बायकोने पदराने माझा पाय पुसला. मी लाकडाची म्हणून, नाहीतर तिथेच रडले असते. त्या दिवशी तिसरीवर हिरवं बोट उमटलं आणि त्याच्या अंगातली थरथर निम्मी झाली. चौथी, पाचवी, सहावी करत पुरता महिना गेला. मधेच दोनदा तो पुन्हा पहिलीवरही आला. पण दुसऱ्या दिवशी यायचा चुकला नाही.

मग आम्ही नर्सबाईंकडे गेलो. त्याने मला उघडलं आणि सहाव्या पायरीवर चढून ब्रश पुढे केला. कोपरा वीतभर लांब राहिला. खिडकीची चौकट शेजारीच होती. खाली बायको आणि नर्सबाई श्वास रोखून उभ्या होत्या. माझ्या बिजागरीतही जीव नव्हता.

लांबूशेठ खाली उतरला. एकेक पायरी, सावकाश. मला हातभर सरकवलं, हलवून बघितलं आणि पुन्हा चढला.

रंगाच्या दुसऱ्या हातालाच कोपरा भरून निघाला. आणि वरून गुणगुणणं ऐकू आलं, थोडं बेसूर, पण तेच.

आता मी म्हातारी झालेय. एका पायाला लोखंडी पट्टी आहे, पायऱ्यांवर सहा रंगांची सहा बोटं आहेत. सातवी कोरीच आहे, तिथवर जायची अजून गरज पडलेली नाही. तुमचाही एखादा कोपरा राहिला असेल, तर एवढंच करा. खाली उतरायला लाजू नका. शिडी हातभर सरकवा आणि पुन्हा चढा. आम्ही शिड्या कुठे जात नाही, तिथेच उभ्या असतो.