खुरांचे ठसे

साइटवरच्या इंजिनिअर बाईने गुडघे टेकून खुराच्या ठशात पोलादी पट्टी उभी धरली. ठसे या कडेपासून त्या कडेपर्यंत गेले होते. मध्ये एका म्हशीला मागे वळून पाहावंसं वाटलं असावं. द्रुतगती मार्गाच्या या बाजूचं काँक्रीट काल संध्याकाळीच ओतलं होतं.

"खोल आहेत?" प्रकल्पाच्या साहेबांनी विचारलं.

"नाही. सकाळपर्यंत घट्ट झालं होतं. भरता येतील."

साहेबांनी घाम पुसला. "नशीब. फोडावं लागलं असतं तर वरचेच म्हणाले असते, त्यापेक्षा जनावरांना खालून बोगदा देऊन टाका."

बोगदा मूळ नकाशात होताच. वेळ वाचवायला साहेबांनी तो काढला. तिने हरकत घेतली, तेव्हा दोन-चार शेपट्यांसाठी रस्ता अडवायचा का, असं त्यांनी हसत विचारलं होतं.

उद्या पलीकडची बाजू ओतायची होती. त्याआधी दूधवालीला समज द्यायचं काम तिच्याकडे आलं. बाईचं बाई ऐकते, असं साहेबांचं मत.

गोठा रस्त्याच्या अलीकडे, तळं आणि कुरण पलीकडे. कामगारांच्या चहाचं दूध इथूनच जायचं, म्हणून सगळे दूधवालीला मावशी म्हणत. ती हौदाचं शेवाळ खरवडत होती. यापुढे जनावरं लांबच्या पुलावरून न्यायची, हा निरोप तिने हात न थांबवता ऐकला. आठवडाभर तसं नेऊन पाहिलं होतं, म्हणाली. उन्हातल्या चालीनं दूध निम्म्यावर आलं. असंच चाललं तर म्हशी विकायच्या आणि रिकाम्या गोठ्यात बसायचं.

"तुमच्या रस्त्यानं लोकांचा किती वेळ वाचणार?"

"तासभर."

"तेवढाच माझा जातो, रोज, जाताना आणि येताना. ही वजाबाकी कुणी केलीय का?"

इंजिनिअर बाईने चष्मा काढून पदराने पुसला.

"साहेबांना सांगा, मी भांडत नाही. मी फक्त जाते. माझ्या म्हशींची वाट म्हणजे काळ्या दगडावरची रेघ."

"तिथे दोरी लावलीय, मावशी."

"दोरीला बांधली तर म्हैस थांबते, बाई. दोरी आडवी बांधली तर ओलांडते."

तिला हसू आवरावं लागलं. म्हशी कधी निघतात, असं तिने विचारलं. ऊन गोठ्याच्या दारात आलं की, मावशी म्हणाली. त्यांना घड्याळ कळत नाही.

साइटवर परतल्यावर ती थेट साहेबांच्या खोलीत गेली. उद्याचं काम संध्याकाळऐवजी पहाटे उरकावं, तिने सुचवलं. पहाटे खडी आणि पाणी सर्वांत थंड असतं, काँक्रीट तापत नाही, तडे कमी जातात. यातला शब्दन् शब्द खरा होता.

"हे आधी का नाही सुचलं तुम्हाला?" साहेब खूश झाले आणि त्यांनी लगेच फोन उचलला.

संध्याकाळी घरी जाताना ती गोठ्यापाशी थांबली. मावशी धार काढत होती. मान वर न करता तिने विचारलं, आता कसली समज?

"समज नाही. उद्या पलीकडे पोचल्या की म्हशी आधी तळ्यात घाला. खुरं चोळून धुवा. ओलं सिमेंट कातडी जाळतं."

"आज कुठे काय झालं?"

"आज ते घट्ट झालं होतं."

धार थांबली. मावशीने तिच्याकडे नीट पाहिलं. मग बादलीत धार पुन्हा वाजू लागली, आधीपेक्षा जोरात.