जाळ्याच्या काठावर

शुलामितचं पत्र हिवाळ्यात, हनुक्काच्या सणाच्या सुमारास आलं होतं, आणि आता उन्हाळ्यातला शावुओतचा सण तोंडावर आला तरी इझिकेलने त्याचं उत्तर दिलं नव्हतं. पत्र काही लपवून ठेवलेलं नव्हतं. टीव्हीवर, त्याच्या गेलेल्या बायकोच्या, मिलीच्या फोटोला टेकून, चारचौघांत बसावं तसं बसलं होतं. येता-जाता त्याची नजर त्यावर पडे, कॅलेंडरवर पडते तशी, आणि तशीच पुढे जाई.

शुलामित ही मिलीची मैत्रीण, अरादला राहणारी, विधवा. तिला फोनवर ऐकू येत नसे, म्हणून ती कागदावर बोले, आणि बोले तेही तोडून. "मोती तेल अविवला बोलावतो. सातवा मजला. मुलगा चांगला आहे, पण मला जायचं नाही. तुम्ही ओफाकिमला एकटे, मी इथे एकटी. मिलीला राग येणार नाही. लोक हसतील, हसू देत. होय की नाही ते कळवा. खोटं मात्र लिहू नका."

ही शेवटची ओळच आडवी आली होती. 'नाही' लिहावं, तर ते खरं नव्हतं. 'होय' लिहावं, तर ते खरं आहे की काय, हे ज्याला विचारायचं तो आतला माणूस जागेवर नव्हता. मिली गेल्यापासून इझिकेलला काही वाटेनासं झालं होतं. सुतकाचे सात दिवस तोच येणाऱ्याजाणाऱ्यांना खुर्च्या सरकवून देत होता आणि बायका आपसात म्हणत होत्या, किती धीराचा माणूस! धीर कसला? दाढेला इंजेक्शन दिल्यावर बोटाला गाल कळतो पण गालाला बोट कळत नाही, तशी त्याची गत होती.

अशा माणसाच्या घरी त्याची नात इनबार एक कोळ्याची मादी ठेवून गेली.

इनबार बेअरशेवाला शिकत होती, कोळ्यांवर. तिच्या प्रयोगशाळेत रंगकाम निघालं होतं आणि तिला परीक्षेसाठी तेल अविवला जायचं होतं. तिने काचेची पेटी स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवली, शेजारी एक बाटली ठेवली. इनबार हिब्रूत बोले, आजोबाला 'सबा' म्हणे; कोकणातून आलेला तो मराठीत उत्तर देई. दोघांनाही त्यात वावगं वाटत नसे.

"सबा, पेटीत मादी आहे, बाटलीत नर. गुरुवारी दुपारी नराला जाळ्याच्या काठावर सोड. शनिवारपर्यंत थांबलं तर तो म्हातारपणाने मरेल."

"आणि मग मी काय करायचं?"

"काही नाही. बघायचं आणि लिहायचं. तुला वाटलं ते नको, दिसलं ते."

"वाटण्याची भीती नाही," इझिकेल म्हणाला.

पेटीत चादरीसारखं सपाट जाळं होतं आणि कोपऱ्यात त्याचंच नरसाळं झालेलं. नरसाळ्याच्या तोंडाशी ती बसली होती, पुढचे पाय चादरीवर टेकवून.

"डोळे आहेत तिला, पण नावापुरते," इनबार म्हणाली. "ती पायांनी ऐकते. जाळं हललं की तिला कळतं, वारा आहे, माशी आहे की नवरा आहे."

"नवरा आहे हे कसं कळतं?"

"माशी तडफडते. तो टकटक करतो. त्याची एक रीत असते. रीत चुकली तर ती त्याला माशी समजते."

"आणि खाते?"

"मग तसं लिही," म्हणून ती बस पकडायला पळाली.

गुरुवारी इझिकेलने बाटली तिरकी केली. नर बाहेर आला, काठावर थांबला. मग तोंडाशी असलेल्या दोन आखूड पायांनी त्याने चादरीवर टकटक केली, पोट थरथरवलं आणि अगदी गप्प झाला. पलीकडून काही नाही. पुन्हा टकटक, पुन्हा गप्प. इझिकेलच्या मनात आलं, आपण पहिल्या गप्प होण्यातच परत फिरलो असतो. पण नर फिरला नाही. एक पाऊल पुढे, टकटक, थांबणं. मादीने एक पाय उचलून पुन्हा त्याच धाग्यावर ठेवला, बाकी काही केलं नाही.

मग ती एकदम सुटली. इझिकेलने पेन्सिल घट्ट धरली. आता खाणार! पण नराच्या पुढ्यात आल्यावर तिने आठही पाय पोटाखाली घेतले आणि कुशीवर कलंडली. वाळलेल्या पानासारखी.

मेलेले कोळी त्याने पुष्कळ पाहिले होते. ते असेच असतात. त्याला आठवलं, सकाळी ओट्यावर मुंग्या झाल्या म्हणून त्याने औषध फवारलं होतं, आणि त्याच हातांनी पेटीचं झाकण काढलं होतं. नातीने विश्वासाने दिलेला जीव. त्याने कागदावर 'मेली' लिहिलं, दिसलं ते लिहायचं म्हणून खोडलं आणि 'पडली' लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं. हात थरथरतोय हे त्याला अक्षरावरून कळलं.

तेवढ्यात दार न वाजवताच रूवेन आत आला. रूवेन म्हणजे शुलामितचा धाकटा भाऊ, चार घरं सोडून राहणारा, तोंडाचा फाटका.

"काय रे इझिकेल, कोण मेलं?"

"ही."

रूवेनने चष्मा कपाळावर चढवून पेटीत पाहिलं. "मेली की साफ! तुझ्या घरात बाईमाणूस टिकत नाही बघ." मग त्याने जीभ चावली. "सॉरी. जाऊ दे. तुझ्याकडे दोरी आहे काय? खोके बांधायचेत."

"कुणाचे?"

"शुलामितचे. सण झाला की मोती गाडी घेऊन येतोय. जाते ती तेल अविवला."

"जाते?"

"मग काय करेल? तू तर नाही बोललास."

"मी?" इझिकेल म्हणाला. "मी काहीच बोललो नाही."

"अरे वा! आणि डबा?"

"कसला डबा?"

"कसला डबा विचारतो! हिवाळ्यात 'तू बिश्वात'चा झाडांचा सण आला तेव्हा तिने एलियाहू हनवीच्या नावाचा मलिदा केला. पोहे, गूळ, नारळ, सगळं आपल्या कोकणच्यासारखं. तुझा वाटा माझ्या हातून डब्यात पाठवला. तू मलिदा खाल्लास, डबा धुतलास, पुसलास, आरशासारखा चकचकीत केलास आणि मला परत दिलास. रिकामा!"

इझिकेलने पेन्सिल खाली ठेवली.

"आमच्या आईने शेजारणीची वाटी कधी रिकामी परत केली नाही. चिमूटभर साखर तरी टाकायची. शुलामितने झाकण उघडलं, आत बघितलं, झाकण लावलं. बोलली, बरं झालं, एकदाचं कळलं."

"माझ्या घरात साखरच नाही रे. डायबिटीस."

"मग त्या सॅकरिनच्या गोळ्या टाकायच्या होत्यास! गोड तर लागल्या असत्या!"

हे सगळं मिली बघत असे. कुणाच्या भांड्यात काय घालून परत करायचं, याचा त्याला कधी विचार करावा लागला नव्हता. आपण गप्प बसलो म्हणजे आपल्याकडून काही निघालं नाही, असं तो धरून चालला होता. त्याचा निरोप तर हिवाळ्यातच अरादला पोचला होता.

पेटीत नर मादीभोवती फिरत होता. तिला पायांनी चाचपत होता, बराच वेळ तिच्यापाशी होता. मग तो बाजूला झाला आणि काठाकडे निघाला. ती तशीच पडलेली.

"फेकून दे आता," रूवेन म्हणाला.

"थांब."

"अरे, मेलेल्याला काय थांबायचं?"

"थांब म्हणतो ना!"

इझिकेल आवाज चढवून बोलला याचं रूवेनइतकंच त्यालाही आश्चर्य वाटलं. दोघे म्हातारे पेटीवर वाकून उभे राहिले. पुष्कळ वेळाने मादीचा एक पाय सरळ झाला. मग दुसरा. ती उठली, जराशी डळमळली, नरसाळ्याशी गेली आणि पुढचे पाय चादरीवर टेकवून पहिल्यासारखी बसली.

"आयला!" रूवेन ओरडला. "नाटक करत होती भवानी!"

फोन वाजला. इनबार होती, परीक्षा संपवून बोलत होती.

"सबा, पडली का? पाय दुमडून?"

"तुला कसं ठाऊक?"

"पडायलाच हवी. नाही पडली तर त्याला खाते. सांगायला विसरले."

"मला वाटलं मी मारली."

"नाही रे, बधिर होते ती. त्याने आणलेलीच असते ती गुंगी, असं वाटतं आम्हाला."

"तेव्हा तिला आत काही कळत असतं?"

"माहीत नाही, सबा. तिला विचारता येत नाही."

"पण उठते?"

"उठते."

"नेहमी?"

"बहुतेक."

त्याने फोन ठेवला. रूवेन दाराशी जाऊन खुंटीवरच्या दोरीला हात घालत होता.

"दोरी राहू दे," इझिकेल म्हणाला.

"का? ही काय, दिसतेय की."

"मला लागणार आहे."

"तुला? कशाला?" रूवेनने त्याच्याकडे पाहिलं, मग टीव्हीवरच्या पत्राकडे पाहिलं. "हां! मी सांगू तिला? उद्या अरादलाच जातो मी."

"नको. तिने मला पत्राने विचारलंय."

"लवकर लिही मग. तुझं वय बघ, तिचं बघ," म्हणत रूवेन रिकाम्या हाताने गेला.

इझिकेल लिहायला बसला. आयुष्यभर पुस्तकं वाचली, पण कागद समोर आला की आपलं प्रत्येक वाक्य त्याला उसनं वाटे. त्याने ठरवलं, दिसतं तेवढंच लिहायचं.

"शुलामितबाई, उत्तराला फार उशीर झाला. डबा रिकामा आला तो नकार नव्हता, चूक होती. तुम्ही खोटं लिहू नका म्हणालात म्हणून सांगतो, मिली गेल्यापासून मला काही वाटत नाही. सुख नाही, दुःखही नाही. आज दुपारी हात थरथरला, एवढंच. पुढे काय होईल ते सांगता येत नाही. असा माणूस चालत असेल तर माझं उत्तर होय. खोके बांधू नका. इझिकेल."

वाचून पाहिल्यावर त्याला ते फारच कोरडं वाटलं. 'आज दुपारी हात थरथरला' हे तर कुणाला कळणारही नाही. पण खोडून लिहायला बसलो तर पुढचा हनुक्का येईल, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं. पाकिटावर त्याने अरादचा पत्ता घातला, मात्र ते चिकटवलं नाही.

शुक्रवारी सकाळी पोस्टाजवळच्या गाड्यावर शब्बाथच्या सुट्टीआधीच्या खरेदीची गर्दी होती. गाडेवाल्याने विचारलं, "कॉफी, आजोबा?"

"नाही. फक्त साखर."

"फक्त साखर?"

"थोडीशी."

गाडेवाल्याने खांदे उडवले आणि साखरेची एक कागदी पुडी त्याच्यापुढे सरकवली. इझिकेलने ती पाकिटात घातली. मग त्याच्या ध्यानात आलं की बाईमाणसाला साखरेची पुडी पाठवणं म्हणजे आपल्यात काय समजतात. या वयात! त्याचे कान तापले. पुडी बाहेर काढायला त्याने बोटं आत घातली, थोडा वेळ तशीच ठेवली आणि रिकामीच बाहेर काढली. पाकिटाचा गोंद जिभेने ओला करून त्याने ते दाबून बंद केलं.

टपालपेट्या दोन होत्या. पिवळी गावातल्या पत्रांची, लाल बाहेरगावच्यांची. लाल पेटीच्या फटीत त्याने पाकीट अर्धं सरकवलं आणि धरून राहिला. कागदाखालून साखरेचे दाणे एक एक करून अंगठ्याला कळत होते. मागे उभी असलेली बाई म्हणाली, "टाकताय ना?"

"टाकतो," इझिकेल म्हणाला, आणि त्याने अंगठा उचलला.