तेजराम करदाता

केशवराव वकिलांनी फॉर्मवरचा चार हजारांचा आकडा खोडायला पेन टेकवले आणि तेजरामने त्यांचे मनगट धरले.

"खोडू नका जी."

"अहो, हे सरकारी अनुदान आहे. पॉलिशची मोटर घ्यायला दिलेलं. उत्पन्नात धरायचंच नसतं. हे वगळलं की तुम्ही मर्यादेच्या आत. एक पैसा कर नाही."

"पण मले कर भरायचा हाय."

वकिलांनी उठून दार लोटले. भंडाऱ्यात वीस वर्षांत असले वाक्य त्यांनी ऐकले नव्हते, आणि इतर अशिलांनी ऐकले असते तर धंदा बसला असता.

कासार समाजाच्या वार्षिक बैठकीत आयकर भरणारे गादीवर बसत, बाकीचे सतरंजीवर. गादीवर माणसे तीन : अध्यक्ष वासुदेवराव, त्यांचा जावई आणि त्यांचा व्याही. तिघांनाही साधा लोटा घडवता येत नव्हता. तेजरामला येत होता, म्हणून तो एकवीस वर्षे सतरंजीवर होता.

"लिहा. अनुदान, उत्पन्न."

वकिलांनी लिहिले. मूर्खपणाची फी ते वेगळी घेत नसत. कर शे-सव्वाशे रुपये झाला.

"कर कोणी मागतला होता का तुमाले?" घरी त्याच्या बायकोने, पुष्पाबाईने विचारले.

"तुले नाही समजत. गादीवर बसाले भेटते."

"ढेकणं हायेत त्या गादीत. वासुदेवरावच्या बायकोनंच सांगतलं मले."

मोटर येण्याआधी भांडे फिरवणाऱ्या चाकाचा पट्टा पुष्पाबाई ओढत असे. दिवसभर. समोर बसून तेजराम फिरत्या भांड्याला चकाकी देई आणि नाव कमावी. पट्ट्याने तिचा उजवा खांदा असा धरला की केस विंचरायला हात वर जाईना. मोटर आली, आणि चौथ्या महिन्यात तिने स्वतःची वेणी स्वतः घातली.

बैठकीत वासुदेवराव गादीवर सरकले. मांजरासाठी सरकावे तेवढेच. समाजाच्या छापील अहवालात 'श्री. तेजराम, आयकरदाते' असे आले. अहवालाची एक प्रत रिवाजाप्रमाणे उद्योगांच्या सरकारी कचेरीत गेली. तिथला बाबू अर्ज वाचत नसे, पण हा अहवाल त्याने पानन्‌पान वाचला.

पंधरा दिवसांत नोटीस आली. योजना आयकर न भरणाऱ्या कारागिरांसाठी आहे. सबब अनुदान परत करावे, नाहीतर मोटर जप्त होईल.

"पण अनुदान धरलं म्हणूनच तर कर लागला ना जी?" तेजराम वकिलांना म्हणाला.

"अगदी बरोबर."

"मंग ते वापस गेलं तर मी पुन्हा गरीब."

"तसा अर्ज करता येईल. दोन-तीन वर्षं लागतील. तोवर तुम्ही श्रीमंतच."

तेजरामचा पैसा पितळेत अडकलेला. मोटर गेली. कचेरीकडे गाडी नव्हती, म्हणून हातगाडीचे भाडे त्यालाच द्यावे लागले. त्याची पावती मात्र मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने माळ्यावरचा पट्टा काढून चाकाला चढवला आणि आपल्या पोत्यावर जाऊन बसला. पुष्पाबाई आली, उभी राहिली.

"उठा."

"काहून?"

"तिकडं जा."

त्याच्या पोत्यावर ती बसली. लोटा चाकावर चढवला, पदर खोचला.

"ओढा."

"तुले जमते का हे?"

"एकवीस वर्सं समोर बसून काय झोपा काढल्या म्या? ओढा."

त्याने ओढले. दहाव्या हिसक्याला तो तोंडाने श्वास घेऊ लागला.

"सैल सोडू नका. डाग पडते."

दुपारी माल न्यायला व्यापारी नत्थूशेट आले. ओळीतला सकाळचा एक लोटा त्यांनी उचलला, उजेडात फिरवला, खाली ठेवला आणि पुन्हा उचलला.

"हा कसा केलास रे, तेजराम? बाकीचे नेहमीचेच हायेत. असे शंभर पाहिजेत, आठ दिवसांत."

तेजराम तळहात मिटून उभा होता. फोड आले होते. पुष्पाबाईने लुगड्याला बोटे पुसली.

"शंभर नाही होत, शेटजी. पन्नास लिहा."

"काहून, बाई?"

"ओढणाऱ्याचा खांदा दुखते."