डावीकडची पात

“माझ्या पातीत तुझा विळा कशाला?” आप्पांनी काकांचं मनगट धरलं.

गव्हाची कापणी चालली होती. पात म्हणजे कापणाऱ्याने धरलेला पट्टा. उजवी पात आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, डावी त्यांच्या धाकट्या भावाची, काकांची; मिसरूड फुटल्यापासून हेच चाललेलं.

“चार ओंब्या राहिल्या होत्या, दादा.”

“माझ्या हातून? उद्या गावभर सांगशील, थोरला संपला म्हणून. कुंपणच शेत खायला लागलं! आणि येतोस कसा चोरासारखा? शेजारी उभा राहिलास तरी पत्ता नाही.”

मी तांब्या पुढे केला. आप्पांच्या डाव्या खांद्याशीच उभी होते. ते ओरडले, “अरे, पाणी आणतंय का कोणी?”

काकांनी घाबरून मला बाजूला घेतलं. मग बांधाआड म्हणाले, “बऱ्याच सुग्या झाल्या, पोरी. दादाच्या डाव्या कडेला ओळ उभीच राहते. लोकांनी हसू नये म्हणून मी मागून कापत आलो.”

दुसऱ्या दिवशी आम्ही आप्पांना डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

“काचबिंदू,” बाई म्हणाल्या. “डोळ्यातला दाब वाढून नस सुकते. आधी कडेचं दिसणं जातं, समोरचं शाबूत राहतं, म्हणून कळत नाही. गेलेलं परत येत नाही. उरलेलं थेंबांनी टिकवायचं.”

“दुखत नाही, खुपत नाही, आणि म्हणे आजार!” आप्पा काकांकडे वळले. “हिला तूच पढवलंस ना?”

“हा रक्तातून येतो. भावालाही तपासू,” बाई म्हणाल्या. काकांच्या डोळ्यांत नुकती सुरुवात निघाली.

काका थेंब घालत राहिले. आप्पा बाटली हुंगून फळीवर ठेवून द्यायचे. “घालून काही जास्त दिसलं का? मग?” शेवटी शेवटी काका त्यांना हाताला धरून बांधावर नेत. तिथे बसून आप्पा मला हळूच विचारायचे, “माझी पात कोण कापतंय? लक्ष ठेव त्याच्यावर.”

यंदा आप्पा नाहीत. त्यांची पात मी धरली. टोकाला जाऊन वळले, तर काका माझ्या डाव्या कडेने वाकून, कापलेल्या गव्हाचा एकेक सड बघत येत होते. एकही ओंबी उभी नव्हती.

“डोळे तपासलेस?”

“तपासले, काका. चांगले आहेत.”

“कधी?”

“गेल्या सुगीला.”

“म्हणजे वर्ष झालं. उद्या चल. ‘दिसतंय की’ असं तुझा बापही म्हणायचा.” त्यांनी विळा खांद्यावर टाकला. “आणि ऐक. तुझी एखादी ओंबी राहिली, तर आता मी नाही कापणार. तुला हाक मारीन.”